बोटभर माया

आमच्या शिलाईच्या दुकानात मास्तर म्हणजे माझी नणंद. नवं गिऱ्हाईक आलं की "मास्तरांना बोलवा" म्हणायचं, आणि गळ्यात टेप घातलेली किडकिडीत बाई पुढे आली की तिच्या खांद्यावरून मागे बघायचं, मास्तर कुठे आहेत म्हणून. मग त्या म्हणायच्या, "मागे भिंत आहे. हात वर करा." आणि माप घ्यायला लागायच्या. गिऱ्हाईक निमूट हात वर करायचं.

मी त्यांना वन्सं म्हणते. आजकाल नणंदेला असं कुणी म्हणत नाही, आणि त्या माझ्याहून लहानही आहेत. पण लग्न होऊन या घरात आले तेव्हा थट्टेनं म्हणायला लागले आणि ते चिकटलं. माझी जीभ तिखट, त्यांची त्याहून तिखट, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. दुकानात मी हातशिलाई करते, काजं करते, बटणं लावते. आमचे हे काउंटर सांभाळतात आणि गोड बोलतात. कापणं मात्र एकट्या वन्संचं.

त्याचं असं झालं, की सासऱ्यांनी कात्री आधी मुलाच्याच हातात दिली होती. मुलानं एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय डावे कापले. सासरे त्याला रागावले नाहीत. कात्री काढून घेतली आणि शेजारी कातरणं गोळा करत बसलेल्या मुलीच्या हातात दिली. आमचे हे ही गोष्ट स्वतःच सांगायचे आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. हल्ली सांगत नाहीत.

सासऱ्यांची कापण्याची एक पद्धत होती. टेबलावर कापड पसरायचं, खडूनं अंगाच्या मापाची रेघ मारायची, आणि कात्री त्या रेघेवरून न चालवता बाहेरून चालवायची, बोटभर अंतर राखून. ते बोटभर कापड शिवणीच्या आत जातं. आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. माणूस जाड झाला, मूल वाढलं, की शिवण उसवायची आणि आतली माया बाहेर काढायची. ती वरून दिसत नाही, पण ती नसेल तर कपडा पहिल्या दिवसासारखं अंग असेल तोवरच उपयोगाचा. बाकीचे कटर मायेची वेगळी रेघ मारून घेतात, म्हणजे घोटाळा होत नाही. सासऱ्यांना ते अजिबात पटायचं नाही. "रेघ मारून सोडली ती माया कसली?" असं म्हणायचे. वन्संनीही कधी दुसरी रेघ मारली नाही. माझ्याशी गप्पा मारता मारता त्यांची कात्री वळणं घेत जायची, आणि मी नंतर शिवण धरायला गेले की बाही जोडतात त्या मुंढ्यालाही बोटभर, बाजूच्या कुशीलाही बोटभर, कुठे कमी नाही, जास्त नाही.

दुखण्याची सुरुवात मागच्या खोलीपासून झाली. मागची खोली म्हणजे संडास. तो आमच्या एकट्यांचा नाही, ओळीतल्या सगळ्या दुकानांचा आहे, आणि त्याची किल्ली शेजारच्या चष्मेवाल्याकडे असते, कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली. वन्सं ती किल्ली आणायला सारख्या जायला लागल्या, हे आमच्या आधी त्याच्या लक्षात आलं. "मास्तर, तुमचं खरं दुकान मागेच आहे वाटतं," तो एकदा दात काढत म्हणाला. "हो," वन्सं म्हणाल्या, "आणि तिथे चष्मा लागत नाही." तो ओशाळला. पण संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात एकटीला गाठलं आणि म्हणाल्या, "वहिनी, रक्त पडतंय. पुष्कळ दिवस झाले."

मग डॉक्टर, तपासण्या, नळी घालून आतून बघणं. मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा. कशामुळे, ते सांगता येत नाही. हे दुखणं मुळापासून जात नाही, औषधानं दबून राहतं, मधूनच उसळतं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "उभं राहून काम करता येईल ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू.

ते पहिलं वर्ष वाईट गेलं. काही खाल्लं की पोटात पिळवटून यायचं. ट्रायल चालू असताना टाचण्या तोंडात धरून त्या पळत सुटायच्या, आणि गिऱ्हाईक एक बाही घालून आरशासमोर ताटकळत उभं. गोळ्यांनी चेहरा फुगला, अंग सुटलं. गोळ्या कमी केल्या तशा पुन्हा हडकल्या. त्यांचा एक राखाडी ड्रेस आहे. तो त्यांनी इतक्या वेळा उसवला, सोडला आणि पुन्हा आवळला, की कुशीच्या शिवणीशेजारी जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळीच्या ओळी झाल्या. "बघा वहिनी," त्या म्हणायच्या, "माझा केस पेपर."

त्या वर्षात आमच्या ह्यांनी बहिणीसाठी काय केलं नाही? इस्पितळातल्या बाकावर बसून राहिले. चष्मेवाल्याशी भांडून त्या किल्लीची दुसरी किल्ली करून आणली, आणि वन्सं ती टेपेबरोबर गळ्यात घालायला लागल्या. बहीण दाराकडे वळली की हे गिऱ्हाइकाला काहीबाही सांगून गुंतवून ठेवायचे, दाराशी कुणी आडवं येऊ नये म्हणून. हे मी सांगते आहे कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल माणूस दुष्ट आहे. दुष्ट नाहीत. त्यांना डोळ्यांना दिसेल तेवढंच कळतं, आणि तेव्हा दुखणं दिसत होतं.

मग औषध बदललं आणि ते लागू पडलं. रक्त थांबलं. पुन्हा नळी घालून बघितलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखमा भरल्या आहेत, आतडं शांत आहे. ह्यांनी रिपोर्ट घडी न घालता हातात धरून दुकानापर्यंत आणला आणि ओळीतल्या सगळ्यांना दाखवला. "सुटली माझी बहीण!" म्हणत होते. चष्मेवाल्यानंही चष्मा वर करून रिपोर्ट वाचला, जणू त्याला त्यातलं कळत होतं. वन्सं आपल्या टेबलाला टेकून हसत उभ्या होत्या. टेकून उभ्या होत्या, हे फक्त मी बघितलं.

कारण थकवा गेलाच नव्हता. आधी वाटलं, अशक्तपणा आहे, खाल्ल्यावर भरून येईल. पण तो भरून येईना. थकवा म्हटलं की लोकांना वाटतं, खूप काम केलं, झोप काढली, संपलं. हा तसला नव्हता. वन्सं सकाळी उठायच्या त्याच दमलेल्या. अंघोळ करून आल्या की टॉवेल गुंडाळून खाटेच्या कडेवर बसून राहायच्या, आणि मी हाक मारली तर म्हणायच्या, "थांबा, केस विंचरायचे राहिलेत, त्याची तयारी चाललीय." केस धुतले त्या दिवशी दुकानात चालत येणं जमायचं नाही. झोप येत नसे आणि उभंही राहवत नसे. मी एकदा विचारलं, नक्की होतं तरी काय? त्या विचार करून म्हणाल्या, "इस्त्रीचं बटण बंद केल्यावर ती थोडा वेळ गरम राहते ना? मी त्या गरमीवर काम करते. ती संपली की एक घडीसुद्धा बसत नाही."

पोटही म्हणावं तितकं शांत नव्हतं. रिपोर्टातलं आतडं शांत होतं, वन्संचं नव्हतं. मधूनच कळ यायची आणि मग मिनिटाचा धीर नसायचा. गळ्यातली किल्ली तशीच राहिली. कुठे बोलावलं तर आधी विचारायच्या, तिथे सोय कुठे आहे. हळूहळू कुठे जाणंच सोडलं, आणि लोकांनी हळूहळू बोलावणंही सोडलं.

आपल्या बोलण्यात 'बरी' या शब्दानं फार घोळ घालून ठेवलाय. आजारातून उठलेली तीही बरी, आणि कसंबसं रेटणारी तीही बरीच. ह्यांची सवय अशी, की सकाळी काउंटरवरचं फडकं मारता मारता, मान वर न करता विचारायचे, "चिमे, बरी आहेस ना?" वन्सं म्हणायच्या, "बरी आहे." त्या दुसऱ्या अर्थानं म्हणायच्या, हे पहिला अर्थ घेऊन फडकं झटकायचे. वर्षभर दोघांचं असं रोज बोलणं होत होतं आणि दोघं बोललेच नव्हते.

सल्ले देणाऱ्यांची तर रांग लागली. फिरायला जा. मनावर घेऊ नका. मनावर घ्या. लवकर उठा. एक लांबची मावशी येऊन बसली आणि गंभीरपणे म्हणाली, "सगळं पोटातून येतं गं. पोट साफ ठेव." मला हसू आवरेना. या बाईइतकं साफ पोट सगळ्या गावात कुणाचं नसेल! वन्संही हसल्या, पण हसतानाही पोटाला हात धरून. मावशी दारातून जाताना मला हळूच म्हणाली, "आता तर रिपोर्ट चांगले आहेत म्हणे. मग हिला काय धाड भरलीय?" मी म्हटलं, "मावशी, चप्पल उलटी घातलीय तुम्ही." घातली नव्हती. पण खाली बघत गेली.

मावशीचं मी मनाला लावून घेतलं नाही. पण हळूहळू हेही तसंच बोलायला लागले. आधी काळजीनं, मग कुरबुर करत. "दुपारी किती वेळ पडायचं? पडून पडून अंग जड होतं." मग थेट, "रिपोर्ट स्वच्छ आहे चिमे. आता तूच हातपाय गाळलेस तर डॉक्टर काय करणार?" टेबलाखाली अस्तराचे गठ्ठे ठेवलेले असतात. वन्सं दुपारी त्यावर पडायच्या, गिऱ्हाइकाला दिसू नये अशा. ते ह्यांना खुपायला लागलं.

मी दोघांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, त्यांच्याच तोंडून ऐका. त्यांनी रक्त तपासलं. लोह कमी होतं, त्याचं औषध दिलं. थायरॉइड बघितलं, झोपेचं विचारलं, मन उदास असतं का तेही विचारलं. वन्सं म्हणाल्या, "थकून थकून उदास होते. उदास म्हणून थकत नाही." डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. लोहाच्या औषधानं थोडा फरक पडला, पण थोडाच. पुढच्या खेपेला त्या सरळ म्हणाल्या, "आतडं शांत आहे हे खरं आहे, आणि थकवा आहे हेही खरं आहे. सूज गेल्यावरही पुष्कळ जणांचा थकवा जात नाही. असं का होतं, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. कामाचे तुकडे पाडा. थकायच्या आधी बसा. जमेल तेवढं चाला. औषध चालू ठेवा. यावर एकच एक गोळी माझ्याकडे नाही."

इतकं सरळ कुणी आमच्याशी बोललं नव्हतं. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. रस्त्यात आल्यावर हे म्हणाले, "म्हणजे काही विशेष नाही. चला, सुटलो." मला असा संताप आला, की भर रस्त्यात मी थांबले. "अहो, कान कुठे ठेवून आलात?" वन्संनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "राहू द्या वहिनी. मला इथे उभं राहून तुमचं भांडण ऐकायची ताकद नाही." मग आम्ही निघालो.

त्यानंतर जाकिटांचं काम आलं. एका हॉटेलातल्या वेटर लोकांसाठी, सगळी एकाच रंगाची, दाट निळी. ह्यांनी मोठ्या हौसेनं काम घेतलं. त्यांना वाटलं, कामात पडली की बहीण उभारी धरेल. मी वन्संना म्हटलं, "एवढं एकटीनं कापायचं, तर मायेची रेघ मारून घ्या ना या वेळी. डोक्याला तेवढाच आराम." त्या हसल्या. "बाबा वरून खडू फेकून मारतील."

त्यांनी कापडाचे थर लावले, टाचण्या मारल्या, मापाच्या रेघा ओढल्या आणि सकाळभर कापत राहिल्या. मध्ये दोनदा मागे जाऊन आल्या. ओठ पांढरे पडले होते. मी बसा म्हटलं तर म्हणाल्या, बसले तर उठणार नाही. दुपारी त्या गठ्ठ्यावर जाऊन पडल्या आणि मी कापलेले तुकडे जुळवायला घेतले.

आमच्याकडे कापलेल्या तुकड्यावर खडूची रेघ कडेपासून बोटभर आत दिसते. मी पहिला तुकडा उचलला तर रेघ दिसेना. उलटा करून बघितला. मग कडेला बघितलं. कडेवर पांढरं होतं. कात्री बरोबर रेघेवरून गेली होती, खडू मधोमध कापला गेला होता. कुठे जरासुद्धा हललेली नव्हती, इतकी सरळ, इतकी सफाईदार. फक्त माया नव्हती. दुसरा तुकडा तसाच, तिसरा तसाच. पाठीचे, पुढचे, सगळा ढीग. एकाही जाकिटाला शिवणीपुरतं कापड नव्हतं.

वन्सं आपणहून उठून आल्या, माझ्या हातातला तुकडा घेतला, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, मी सोडतेय."

ह्यांनी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. तोच रंग पुन्हा मिळाला नाही, हॉटेलवाल्यांनी काम दुसरीकडे दिलं. चार दिवस हे घरात मुक्यानं वावरले. पाचव्या दिवशी दुकान उघडताना म्हणाले, "लक्ष कुठं होतं तुझं?"

"लक्ष इथंच होतं," वन्सं म्हणाल्या. "हात नव्हता."

मग त्यांनी जे मागितलं ते मागायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे. म्हणाल्या, "दादा, मला रोज सकाळी थोडा वेळ कापू दे. इस्त्री गरम असते तेवढ्या वेळात. टेबलाशी उंच स्टूल ठेव, मी बसून कापीन. आणि मायेची रेघ मारीन. दोन्ही रेघा मारीन. पुन्हा असं होणार नाही."

बाबांची मुलगी दोन रेघा मारायला तयार झाली होती. ह्यांना त्यात काय आहे ते कळायला हवं होतं. ह्यांनी कुलूप खिशात टाकलं आणि म्हणाले, "बाबा कधी बसून कापायचे का? गिऱ्हाईक काय म्हणेल, इथले मास्तर बसून असतात?" मग जरा नरम आवाजात, "तू आराम कर चिमे. एकदा धडधाकट हो, टेबल तुझंच आहे."

मी म्हटलं, "अहो, दोन डाव्या पायांची पँट कापणाऱ्यानं हे बोलू नये." त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वन्सं जाऊन माझ्या शेजारी बसल्या आणि बटणांचा डबा पुढे ओढला.

नवा कटर आला. साधा माणूस, जेवतानाही गळ्यातली टेप काढत नाही म्हणून मी त्याला टेपराव म्हणते. दोन रेघा मारतो, कापतो, कधी चुकत नाही. वन्संना 'मास्तर' म्हणतो आणि मनापासून म्हणतो. त्याच्या हातात त्याची स्वतःची कात्री आहे, सासऱ्यांची खिळ्याला टांगलेली असते. सुरुवातीला वन्सं येता-जाता तिच्याकडे बघायच्या. मग बघणंही सोडलं.

टेबल गेल्यावर त्या भराभर उतरत गेल्या. आधी त्या दुकानात यायच्या तेव्हा काहीतरी वाट बघत असायचं. आता बटणं. बटणं मीही लावते, न आल्या तरी अडत नाही, आणि हे त्यांना माहीत होतं. आठवड्यातले काही दिवस यायच्या, मग त्यातले थोडेच. आल्या तरी दोरा ओवला की डोळे मिटून बसायच्या. तिखट जिभेची धारही गेली. चष्मेवाला काही बोलला तर नुसत्या मान हलवायच्या. त्यानं एकदा मला विचारलं, "मास्तर रागावल्यात का माझ्यावर?" त्याच्या आवाजात काळजी होती. मी म्हटलं, "नाही हो. रागवायलाही ताकद लागते." ह्यांचं फडकं मात्र रोज फिरायचं, "चिमे, बरी आहेस ना?" आणि उत्तर यायचं, "बरी आहे."

आमच्या मुलीला पदवी मिळाली. समारंभाला बापानं कोट घालून यावं अशी तिची इच्छा. ह्यांनी कपाटातून जुना कोट काढला. सासरे गेल्यावर दुकान ह्यांनी हातात घेतलं, त्या वर्षी वन्संनी तो कापला होता. आता पोटावर बटण लागेना, खांदेही आवळले. दुपारी दुकानात गर्दी नव्हती तेव्हा तो घालूनच हे टेपरावांपुढे उभे राहिले. "बघा काही होतं का. नाहीतर नवा शिवू."

टेपरावांनी पाठीवरची शिवण बोटांनी चाचपली आणि थबकले. पुन्हा चाचपली. मग अस्तर खालून थोडं उसवलं, हात आत घातला, आणि पाठीची शिवण वरपर्यंत उघडली.

"साहेब, हा कुणी कापलाय?"

"का? काय झालं?"

"नाही, आत बघा की. इथे बोटभर नाही, चांगली तीन बोटं माया सोडलीय. पाठीला तशीच, कुशीला तशीच. बाह्यांच्या आतसुद्धा दाबून ठेवलीय. आतली घडी अशी बसवलीय, की बाहेरून पत्ता लागत नाही." टेपरावांना हसू आलं. "एवढी माया कोण सोडतं हो? कापडाची नासाडी!"

टेबलाखालून आवाज आला, "मी सोडली."

वन्सं तिथे गठ्ठ्यावर पडल्या होत्या. टेपराव एकदम मागे सरले. त्या उठल्या नाहीत, पडल्या पडल्याच बोलल्या, हिशोब समजावून सांगावा तशा. "दादाचा बांधा बाबांचा आहे. पुढे पोट सुटणार, खांदे भरणार, हे तेव्हाच दिसत होतं. तेव्हाच्या मापाला कापला असता, तर आज फेकायला लागला असता. सोडा सगळी. बसेल अंगाला."

टेपरावांनी मुकाट्यानं टाचण्या लावायला घेतल्या. हे हात अर्धवट वर धरून तसेच उभे. कोट पाठीत उघडा, अस्तर लोंबत होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात हा चेहरा मी पाहिला नव्हता. त्यांना कळलं. माझ्या ओरडण्यानं, डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यानं जे कळलं नाही, ते कळलं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. फार उशीर झाला होता, हे मला त्यांच्या आधी माहीत होतं.

ते टाचण्यांसकट खाली वाकले. टेबलाखाली डोकं घालून, या वेळी तिच्या तोंडाकडे बघत, त्यांनी तेच विचारलं, "चिमे, बरी आहेस ना?"

वन्सं त्यांच्याकडे कुशीवर वळल्या.

"नाही दादा," त्या म्हणाल्या. "बरी नाही. रिपोर्ट स्वच्छ आहे, तरी बरी नाही. पुढेही बहुतेक अशीच राहीन."

हे तसेच वाकून घाईघाईनं म्हणाले, "माझं स्टूल आहे ना काउंटरचं, ते उंच आहे. ते टेबलाशी ठेवतो. सकाळी थोडा वेळ काप. बसून काप. दोन रेघा मार, चार मार. कोण काय म्हणतं ते मी बघतो."

वन्संनी हात लांब करून त्यांच्या कोटाची उघडी कड धरली. बोटानं मायेचं कापड चाचपलं. इतकी वर्षं आत दाबून राहिल्यामुळे त्याचा रंग बाहेरच्या कापडापेक्षा गडद, नव्यासारखा होता.

"तेव्हा ठेवलं असतंस तर जमलं असतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आता ती कात्री माझ्याच्यानं उचलवत नाही रे."

हे खाली कातरणांवर बसले. टेपराव टाचण्या हातात घेऊन भिंतीकडे बघत उभे राहिले. काउंटरवर कुणीतरी येऊन "मास्तर आहेत का?" म्हणून हाका मारत होतं. मी सुई कापडात टोचून ठेवली आणि उठले.